जेम्स जॉन बर्कले : सह्याद्रीच्या घाटांतून आगगाडी नेणारे इंजिनिअर

यवतमाळाहून मुंबईस जाणारा विद्यार्थी पूर्वापार धामणगांवास जाऊन गाडी धरतो. रात्रीं गाडींत बसला म्हणजे वऱ्हाडांतील कपाशीचीं रानें अंधारांत मागें पडतात, भुसावळास चहावाल्याच्या आरोळीनें क्षणभर जाग येते, आणि पुढें केव्हां तरी इगतपुरी सोडल्यावर गाडी एकाएकीं सावकाश चालूं लागते. डबे कुरकुरतात, चाकांवर घासणाऱ्या ब्रेकांचा वास येतो, एकामागून एक बोगदे जातात. झोपलेल्या मुलास यांतील कांहींच कळत नाहीं, आणि कळूं नये इतका तो उतार आज निर्भय झाला आहे. परंतु ज्या काळीं या डोंगरांतून बैलगाड्यांचा रस्ता व लमाणांच्या वाटा यांखेरीज दुसरें कांहीं नव्हतें, त्या काळीं येथून भरलेली आगगाडी खालीं आणतां येईल काय, आणि आणतां आली तरी ती वाटेंत हातची सुटणार नाहीं याची हमी कोणीं द्यावी, हा प्रश्न मोठमोठ्या जाणत्यांसही पडला होता.

त्या प्रश्नाचें उत्तर शोधण्यांत ज्यांनीं आपलें उमेदीचें सारें आयुष्य वेंचलें त्या जेम्स जॉन बर्कलेसाहेबांचें चरित्र यंदा वाचकांपुढें ठेवावें असें आम्हीं योजिलें आहे. आगगाडीच्या इंजिनाचा जनक म्हणून जॉर्ज स्टीफन्सनचें नांव आमच्या शाळेंतील लहान मुलासही ठाऊक असतें. परंतु ज्यांनीं आंखलेल्या मार्गावरून आमचीं मोठीं मुलें वर्षांतून दोनदां प्रवास करतात त्यांचें नांव मात्र त्यांतील एकासही सांगतां येत नाहीं, असा आमचा वर्गांतील अनुभव आहे.

बर्कलेसाहेबांचा जन्म २१ ऑक्टोबर १८१९ रोजीं लंडनच्या उत्तरेस हॉलोवे या भागांत झाला. त्यांचें शिक्षण लंडनच्या किंग्ज कॉलेजांत झालें. १८३६ सालीं ते विक्स्टीड नांवाच्या एका इंजिनिअरापाशीं उमेदवार म्हणून राहिले, आणि तीन वर्षांनीं जॉर्ज स्टीफन्सनचे पुत्र रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या हाताखालीं कामास लागले. तो काळच विलक्षण होता. लिव्हरपूल ते मँचेस्टर हा लोहमार्ग १५ सप्टेंबर १८३० रोजीं उघडला, त्यास अद्याप दहा वर्षेंही झालीं नव्हतीं. पुढील दहा वर्षांत इंग्लंडांत जिकडे तिकडे रूळ पडूं लागले, आणि तरुण इंजिनिअरास शाळेंत न मिळणारें शिक्षण उघड्या माळावर मिळूं लागलें.

येथें थोडें विषयांतर करणें आम्हांस अवश्य वाटतें. आगगाडीच्या इतिहासांत वेगाचें कौतुक फार होतें. गाडी थांबवावी कशी, हा विचार मात्र मागाहून आला. लिव्हरपूलच्या त्या पहिल्याच समारंभांत पार्लमेंटाचे एक प्रसिद्ध सभासद हस्किसन हे रुळांवर उभे असतां इंजिनाखालीं सांपडून प्राणांस मुकले. म्हणजे लोहमार्गाचा पहिला आनंदाचा दिवस हाच पहिल्या मोठ्या अपघाताचाही दिवस. त्या वेळीं आजच्यासारखे सिग्नल नव्हते. मार्गावर ठिकठिकाणीं शिपाई उभे करीत. एक गाडी गेल्यावर ठराविक मिनिटें झालीं कीं शिपाई पुढच्या गाडीस हातानें किंवा निशाणानें वाट देई. पहिली गाडी पुढें कोठें अडकून पडली असल्यास त्या शिपायास तें कळण्याचा मार्ग नव्हता. मिनिटें मोजून वाट देण्याऐवजीं मधली जागा मोकळी झाल्याची खात्री करूनच वाट द्यावी, हा शोध तारायंत्रामुळें शक्य झाला. कूक व व्हीट्स्टन यांनीं १८३७ सालीं आपल्या तारायंत्राचा हक्क मिळविला, आणि थोड्याच वर्षांत कूक यांनीं लोहमार्गाचे तुकडे पाडून एका तुकड्यांत एका वेळीं एकच गाडी ठेवण्याची पद्धति सुचविली. आज सर्व जगांत गाड्या ज्या तत्त्वावर चालतात तें हेंच. बर्कलेसाहेबांची उमेदवारी व हा नवा विचार हीं दोन्ही एकाच दशकांत वाढीस लागलीं, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

इकडे हिंदुस्थानांत मँचेस्टरच्या गिरण्यांचे डोळे वऱ्हाड-नागपूरच्या कापसाकडे लागले होते. आमच्या भागांतील कापूस बैलांच्या पाठीवर घालून मुंबईस नेत. वाटेंत महिने जात, पाऊस गांठला तर माल कुजे, आणि पोंचला तरी धूळमातीनें त्याची किंमत उतरे. मुंबईंत नाना शंकरशेट व सर जमशेटजी जिजीभाई यांच्यासारख्या पुढाऱ्यांनीं १८४५ सालींच लोहमार्गाची खटपट आरंभिली होती. पुढें १ ऑगस्ट १८४९ रोजीं पार्लमेंटाच्या कायद्यानें ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी स्थापन झाली. रॉबर्ट स्टीफन्सन हे तिचे सल्लागार इंजिनिअर होते. प्रत्यक्ष जागेवर राहून काम करणाऱ्या मुख्य इंजिनिअरच्या जागेवर बर्कलेसाहेबांची नेमणूक झाली. १८५० च्या आरंभीं ते मुंबईस उतरले तेव्हां त्यांचें वय तीस वर्षांचें होतें.

३१ ऑक्टोबर १८५० रोजीं शिवेजवळ पहिली कुदळ पडली. पुढची हकीकत सर्वांस ठाऊक आहे, म्हणून आम्ही ती लांबवीत नाहीं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास २१ मैलांवर पहिली गाडी गेली. चौदा डबे, सुमारें चारशें पाहुणे, आणि २१ तोफांची सलामी. १८५४ त रूळ कल्याणास पोंचले, १८५६ त खोपोलीस. हें काम अवघड नव्हतें असें नाहीं. खाडीवर पूल बांधावे लागले, दलदलींत भराव टाकावे लागले. परंतु बर्कलेसाहेबांची दृष्टि या सपाटीवर नव्हती. कोंकणाच्या पूर्वेस उभ्या असलेल्या काळ्या भिंतीवर होती.

कंपनीच्या मूळ प्रवर्तकांचा विचार माळशेज घाटांतून एकच मार्ग वर नेण्याचा होता. बर्कलेसाहेबांनीं तो डोंगर हिंडून पाहिला आणि तो बेत सोडून द्यावा असें ठरविलें. त्याऐवजीं ईशान्येस नाशिक-खानदेशाकडे जाणारा थळघाट व आग्नेयीस पुण्याकडे जाणारा बोरघाट, अशा दोन वाटा त्यांनीं पत्करल्या. एका वाटेचा खर्च झेंपेल कीं नाहीं याविषयीं लोक साशंक असतां दोन वाटा मागणें हें धाडसाचें होतें. पण तें आंधळें धाडस नव्हतें. एकेका ओळीची अनेकवार मोजणी करून, कड्यांवरून दोर सोडून, दऱ्याखोऱ्यांत तळ देऊन त्यांच्या मंडळींनीं नकाशे तयार केले; आणि मोजणी पुरी होण्यापूर्वीं काम रेटण्याचा मोह त्यांनीं टाळला. आमच्या मतें त्यांच्या चरित्रांतील सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे, जरी तींत डोळे दिपविणारें कांहीं नाहीं.

बोरघाटाच्या पायथ्यापासून लोणावळ्यापर्यंत लोहमार्गाची लांबी सुमारें १६ मैल, आणि तेवढ्यांत चढावयाचें १,८३१ फूट. अत्यंत कठीण जागीं ३७ फुटांस १ फूट असा चढ ठेवावा लागला. पायीं चालणाऱ्यास हा चढ फारसा जाणवणार नाहीं. बैलगाडीवाला तर त्यास चढच म्हणणार नाहीं. परंतु गुळगुळीत रुळावर गुळगुळीत चाक, आणि वर शेंकडों माणसांचें ओझें, अशा स्थितींत या उतारावर गाडी एकदां सुटली तर तिचा वेग पळापळास वाढत जातो. त्या काळीं सर्व डब्यांस एकदम लागणारा ब्रेक नव्हता. इंजिनावर एक, आणि ठराविक डब्यांवर बसलेल्या माणसांच्या हातीं एकेक, असे हातब्रेक असत. ड्रायव्हरनें शिटी दिली म्हणजे त्या माणसांनीं चाकें गच्च आंवळावयाचीं. पाऊस असला, रूळ निसरडे झाले, किंवा एखाद्याचा हात उशिरा फिरला, कीं पुढचा हवाला देवावर.

या भयावर बर्कलेसाहेबांनीं काढलेला तोडगा म्हणजे घाटाच्या वरच्या अंगास केलेलें रिव्हर्सिंग स्टेशन. तें कसें असे हें मुलांनीं कागदावर रेघ ओढून पाहावें. इंग्रजी व्ही अक्षर आडवें ठेवलें असतां त्याच्या टोंकाशीं दोन्ही रेघा मिळतात. त्या टोंकाशीं स्टेशन. गाडी एका रेघेनें चढत येऊन टोंकाशीं थांबे. तेथें इंजिन सोडवून गाडीच्या दुसऱ्या अंगास लावीत, आणि मग गाडी दुसऱ्या रेघेनें, आतां मागचा डबा पुढें करून, आणखी वर चढे. डोंगराच्या एकाच बाजूस गाडी वळविण्यास जागा नसतांही उंची गांठण्याची ही युक्ति होती. तिच्यामुळें कड्याच्या अत्यंत अवघड अंगावरील खोदाई कमी झाली, आणि साऱ्या घाटाचा चढ अधिक सम प्रमाणांत वांटतां आला. खालीं येणाऱ्या गाडीस वाटेंत एके ठिकाणीं पूर्णपणें थांबावेंच लागे, हाही एक लाभ होता. थळघाटांतही त्यांनीं अशीच योजना केली. मात्र या युक्तींत एक उणीव होती, आणि ती पुढें जिवावर बेतली. तें आम्ही योग्य ठिकाणीं सांगूं.

२४ जानेवारी १८५६ रोजीं बोरघाटाचें काम सुरू झालें. कंत्राटदार फॅव्हिएल हे ठाण्याचा मार्ग बांधणाऱ्यांपैकींच होते. पंचवीस बोगदे फोडावयाचे, खोल दऱ्यांवर दगडी पूल उभारावयाचे, आणि हें सर्व कठीण काळ्या खडकांत. कित्येक ठिकाणीं कड्यावर उभें राहण्यास पाऊलभर जागा नसे. वरून दोरास बांधून माणसें खालीं सोडीत. तीं लोंबकळत राहून पहारीनें सुरुंगाचें भोंक पाडीत, दारू ठासून वात पेटवीत, आणि वर ओढून घेईपर्यंत वात पुरेल अशा भरंवशावर जीव ठेवीत. पावसाळ्यांत काम बंद पडे; वर्षाचे आठ महिने काय तें हातीं लागत. कामावर पुष्कळदां पंचवीस हजार माणसें असत, आणि १८६१ च्या हंगामांत ती संख्या बेचाळीस हजारांवर गेली. एवढी वस्ती आज आमच्या जिल्ह्यांतील एखाद्या मोठ्या तालुक्याच्या गांवीं असेल. ती तेव्हां डोंगराच्या उतारावर झोंपड्यांतून राहात होती, स्वच्छ पाणी नाहीं, औषधपाणी जेमतेम. पटकी आली म्हणजे झोंपड्यांच्या रांगा ओस पडत. हजारों माणसें या घाटांत दगावलीं. तीं कोण, कोठलीं, याची नोंद नाहीं. बोगद्यांच्या तोंडावर कमानी आहेत. या माणसांच्या नांवानें साधा दगडही नाहीं. बर्कलेसाहेबांच्या चरित्रांत ही गोष्ट आम्ही गाळली असती तर तें चरित्र अपुरें राहिलें असतें.

मजुरीचाही प्रश्न होता. पोटकंत्राटदार व मुकादम यांच्या साखळींतून पैसा खालीं उतरतांना वाटेंतच मुरे. १८५९ च्या जानेवारींत थकलेल्या मजुरीवरून घाटांत मोठा दंगा झाला, आणि त्यांत एका युरोपियनाचा जीव गेला. दोन महिन्यांनीं फॅव्हिएल यांनीं कंत्राटच सोडून दिलें. काम अर्धवट, माणसें बिथरलेलीं, पावसाळा समोर; अशा वेळीं बर्कलेसाहेबांनीं व त्यांच्या हाताखालच्या इंजिनिअरांनीं कांहीं महिने कंपनीच्या नांवानें स्वतःच काम चालविलें. अखेर सॉलोमन ट्रेडवेल हे नवे कंत्राटदार विलायतेहून आले. पण आल्यावर थोड्याच दिवसांत तेही आजारी पडून वारले. मागें त्यांची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल राहिली. परक्या देशांत नुकतीच विधवा झालेली ही बाई गलबतानें परत जाईल असेंच कोणासही वाटलें असतें. ती गेली नाहीं. पतीचें कंत्राट तिनें आपल्या नांवें चालू ठेवलें, अनुभवी कारभारी नेमून काम तडीस नेलें, आणि घाटाचीं छायाचित्रेंही काढलीं. आमच्या शाळेंतील मुलींनीं हें नांव वहींत टिपून ठेवण्यासारखें आहे.

परक्या कंत्राटदारांवरच विसंबून राहावें असें बर्कलेसाहेबांचें मत नव्हतें. येथील लोकांस काम शिकवून त्यांच्यावर तें सोंपवावें या मताचे ते होते. मुंबईच्या गोदींत सुतारकाम शिकलेले जमशेटजी दोराबजी नांवाचे एक पारशी गृहस्थ होते. पुस्तकी शिक्षण बेताचें, पण हाताखालील कामाची पारख उत्तम. त्यांस कंपनीनें कंत्राटें दिलीं, आणि त्यांनीं तीं इतक्या चोख रीतीनें पार पाडलीं कीं पुढें या मार्गाचा मोठा भाग त्यांच्या हातून बांधला गेला. मुंबईच्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशन या संस्थेशींही बर्कलेसाहेबांचा निकट संबंध होता. तेथें त्यांनीं १८५७ च्या डिसेंबरांत बोरघाटावर व १८६० च्या डिसेंबरांत थळघाटावर निबंध वाचले. त्याच १८६० सालीं लंडनच्या इंजिनिअरांच्या संस्थेपुढें हिंदुस्थानांतील लोहमार्गांवर त्यांचा विस्तृत निबंध आला. आपलें काम लपवून न ठेवतां त्याचे हिशेब, चुका व अडचणी चारचौघांपुढें मांडण्याची ही संवय आम्हांस त्यांच्या बांधकामाइतकीच मोलाची वाटते.

घाटाखालीं व घाटावर रूळ तयार, आणि मधला तुकडा नाहीं, अशी चमत्कारिक स्थिति कांहीं वर्षें होती. १८५८ च्या जूनमध्यें खंडाळ्याहून पुण्यास गाडी सुरू झाली. मुंबईचा उतारू खोपोलीस उतरे, पालखींत, तट्टावर किंवा गाडींत बसून घाट चढे, आणि खंडाळ्यास पुनः आगगाडींत बसे. त्या उतारूंस वाटेंत सुरुंगांचे बार ऐकूं येत, आणि कड्यांवर मुंगीएवढीं माणसें दिसत.

या दगदगीनें बर्कलेसाहेबांची प्रकृति ढांसळली. दहा-अकरा वर्षें कोंकणची हवा, घाटांतील ताप, आणि कामाची काळजी. १८६१ सालीं ते विश्रांतीसाठीं विलायतेस गेले. परत येणें झालें नाहीं. २५ ऑगस्ट १८६२ रोजीं लंडनजवळ सिडनहॅम येथें त्यांचा अंत झाला. वय अवघें बेचाळीस. त्यानंतर आठ महिन्यांच्या आंत, २१ एप्रिल १८६३ रोजीं, गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्तें बोरघाट उघडण्यांत आला. ज्यांनीं एकेक वळण डोक्यांत जुळविलें होतें ते त्या गाडींत नव्हते. थळघाट १ जानेवारी १८६५ रोजीं सुरू झाला.

त्यांच्या आराखड्यांतील मार्गांची लांबी बाराशें मैलांहून अधिक होती, आणि आमच्या जिल्ह्याशीं ज्याचा संबंध येतो तो नागपूरचा फांटा त्यांतच होता. भुसावळ, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, धामणगांव, पुलगांव असा हा मार्ग १८६७ च्या फेब्रुवारींत नागपुरास पोंचला. त्या वेळीं आमच्या जिल्ह्यास वणी जिल्हा म्हणत. यवतमाळ हें नांव १९०५ सालीं मिळालें. मुख्य मार्ग जिल्ह्याच्या उत्तरेकडून गेला आणि यवतमाळ बाजूस राहिलें. येथील कापूस कैक वर्षें बैलगाड्यांनीं धामणगांवीं जात होता. पुढें १९०३ सालीं मूर्तिजापूर ते यवतमाळ हा अडीच फूट रुंदीचा ११३ किलोमीटरांचा लहान मार्ग झाला, ज्यास लोक प्रेमानें शकुंतला म्हणत. कारंजा, दारव्हा येथील वृद्ध मंडळी त्या गाडीच्या गोष्टी अजून सांगतात. लिव्हरपूल येथें घडविलेले तिचे सिग्नल अखेरपर्यंत उभे होते, पण शेवटल्या काळांत गार्डानेंच तिकिटें द्यावीं, त्यानेंच निशाण दाखवावें, अशी स्थिति होती. सपाट प्रदेश, मंद गति आणि दिवसांतून एक गाडी, म्हणून तें निभावलें. तोच ढिलेपणा घाटांत एक दिवसही चालला नसता.

आतां त्या उणिवेकडे वळूं. घाट उघडल्यावर चार वर्षांनीं, १८६७ च्या जुलैंत, माहूकीमळी येथील मोठा दगडी पूल कोंसळला. बांधकाम घाईचें व चुन्याची जात हलकी, असे दोष या मार्गावरील पुष्कळ पुलांत पुढें दिसून आले. बर्कलेसाहेब तेव्हां हयात नव्हते. तथापि ज्या देखरेखीचे ते प्रमुख होते तिचा हा दोष आहे, आणि त्यांच्या चाहत्यांनीं तो झांकूं नये. त्याहून भयंकर गोष्ट १८६९ च्या जानेवारींत घडली. बोरघाट उतरणारी उतारूंची गाडी ब्रेकांस दाद न देतां सुटली, आणि रिव्हर्सिंग स्टेशनाशीं, जेथें रूळ संपतात तेथें, न थांबतां पलीकडे जाऊन फुटली. अनेक माणसें मेलीं. गाडीनें थांबलेंच पाहिजे अशी जागा निर्माण करणें ही सुरक्षितता खरी. पण गाडी थांबलीच नाहीं तर तीच जागा सांपळा होते. थांबविण्याचें साधन अपुरें असतां थांबण्याची जागा कितीही उत्तम असून उपयोग नाहीं. अमेरिकेंत जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांनीं हवेच्या दाबावर चालणाऱ्या आपल्या ब्रेकाचा हक्क नोंदविला तें वर्षही १८६९ च, हा केवळ योगायोग. परंतु असा ब्रेक त्या गाडीस असता तर, असें मनांत आल्याखेरीज राहात नाहीं.

घाटासाठीं कंपनीनें १८६२ च्या सुमारास इंग्लंडांतून खास इंजिनें मागविलीं होतीं. त्यांस चाकांवर दाबणाऱ्या ब्रेकाखेरीज प्रत्यक्ष रुळांवर दाबणारा घसरगाडीसारखा ब्रेकही होता. पुढें संपूर्ण गाडीस एकदम लागणारा व्हॅक्यूम ब्रेक आला. सर्वांत चतुर उपाय मात्र कॅच सायडिंगचा. उतरणीवर मुख्य मार्गास एक फांटा काढतात. तो डोंगरावर उलट चढत जातो आणि त्याच्या रुळांवर वाळू टाकलेली असते. खुबी अशी कीं सांधा नेहमीं या फांट्याकडेच लावलेला असतो. ड्रायव्हरनें गाडी पुरती थांबवावी, शिटी द्यावी, आणि गाडी ताब्यांत आहे अशी खात्री पटल्यावरच सांधेवाल्यानें सांधा मुख्य मार्गाकडे फिरवावा. गाडी सुटलेली असेल तर ती न थांबतां आपोआप फांट्यावर चढेल, आणि चढ व वाळू मिळून तिचा वेग गिळून टाकतील. १८६९ च्या अपघातांत रूळ संपला होता तेथें कडा होता. येथें रूळ संपतो तेथें डोंगर असतो. मनुष्य चुकेल असें गृहीत धरून केलेली ही रचना आहे, आणि मनुष्य चुकणार नाहीं असें गृहीत धरलेल्या रचनेहून ती शंभरपट श्रेष्ठ होय.

हीच दृष्टि सिग्नलांच्या बाबतींतही हळूहळू आली. ज्या १८५६ सालीं बोरघाटांत पहिला सुरुंग लागला त्याच सालीं इंग्लंडांत जॉन सॅक्स्बी यांनीं सांधे व सिग्नल एकमेकांस जखडून टाकण्याच्या आपल्या यंत्राचा हक्क मिळविला. सांधा योग्य बाजूस बसल्यावांचून सिग्नलाचा दांडा हलतच नाहीं. स्टेशनांवरील या योजना आपल्याकडे पोंचण्यास पुष्कळ वर्षें लागलीं. १९२८ सालीं मुंबईच्या बोरीबंदरापासून भायखळ्यापर्यंत गाडीच्या चाकांनींच आपोआप बदलणारे रंगीत दिव्यांचे सिग्नल लागले. हिंदुस्थानांतील अशा तऱ्हेचे ते पहिलेच. दुसऱ्या वर्षीं कल्याण ते पुणें हा मार्ग विजेवर चालूं लागला. त्याच सुमारास बोरघाटांत नवे बोगदे पाडून मार्ग सरळ वर नेण्यांत आला, आणि १९२९ सालीं रिव्हर्सिंग स्टेशन बंद झालें. बर्कलेसाहेबांनीं आंखलेली बाकीची वाट मात्र बव्हंशीं तीच राहिली. तिच्यावर उतरणाऱ्या गाड्या कॅच सायडिंगपाशीं थांबाव्यात, शिटी द्यावी, आणि सांधा फिरल्याचा सिग्नल पडल्यावर पुढें निघाव्यात, हा नियम त्यानंतरही अनेक वर्षें चालत आला. रात्रीच्या गाडींत जागा असलेला उतारू घाटांतल्या त्या थांब्यास कंटाळून खिडकींतून डोकें बाहेर काढी, तेव्हां त्यास अंधारांत डोंगराकडे चढत जाणारे, कोठेंही न पोंचणारे दोन रूळ दिसत.